काठ उठून दिसला पाहिजे

तेजोमेघांचे फोटो काढणाऱ्या माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. एक, "दुर्बीण केवढ्याला पडली?" आणि दोन, "हे रंग खरे असतात का गं?" पहिल्याचं उत्तर मी आई समोर असताना देत नाही. दुसऱ्याचं मात्र नीट देता यायला हवं असं मला गेली तीन वर्षं वाटतंय. "हो" म्हणावं तर ते खोटं. "नाही" म्हणावं तर समोरचा "म्हणजे फोटोशॉप!" म्हणून मोकळा होतो, आणि तेही खोटंच. तर या वीकएंडला त्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर. चहा घेऊन बसा, थोडं लांबणार आहे.

आधी सेटअप सांगते. नोकरी पुण्यात, पण फोटो पुलगावचे. पुण्यातल्या फ्लॅटच्या बाल्कनीतून व्याध दिसला तरी मी खूश असते. पुलगावला (जिल्हा वर्धा, दारूगोळ्याच्या डेपोमुळे नाव ऐकलं असेल) आमच्या घराला चांगली ऐसपैस गच्ची आहे. डिसेंबरच्या शेवटी क्लायंट सुट्टीवर जातो, प्रॉडक्शनला कुणी हात लावत नाही, तेव्हा मी बॅगेत कपडे कमी आणि केबल्स जास्त भरून घरी पोचते. दुर्बीण लहानशी, ७० मिलिमीटरची. खाली ताऱ्यांच्या गतीने फिरणारं माउंट. मागे ब्लॅक अँड व्हाइट कॅमेरा.

हो, ब्लॅक अँड व्हाइटच. आणि गोष्ट इथूनच सुरू होते.

पुलगावची गच्ची अगदी काळोखात आहे असं नाही. एका अंगाला स्टेशन, मुंबई-हावडा लाइनवरून रात्रभर मालगाड्या, आणि गल्लीच्या तोंडाशी एलईडीचा एक दिवा, जो बहुतेक माझ्यावर नजर ठेवायलाच लावलाय. :) अशा ठिकाणी साधा रंगीत फोटो काढला की तेजोमेघापेक्षा दिव्याचा उजेडच जास्त येतो. त्यावरचा उपाय म्हणजे नॅरोबँड फिल्टर. तेजोमेघातला वायू सगळ्या रंगांत चमकत नाही, ठरावीक तरंगलांबींवर चमकतो. हायड्रोजनची मुख्य लाल रेषा ६५६.३ नॅनोमीटरला. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची ५००.७ ला. एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या गंधकाची जोडरेषा ६७१.६ आणि ६७३.१ ला. माझे फिल्टर या रेषांच्या आजूबाजूचा फक्त ७ नॅनोमीटरचा पट्टा आत सोडतात. गल्लीतला दिवा सगळ्या तरंगलांबींवर उजेड सांडतो, त्यातला जेमतेम एक तुकडा आत येतो. तेजोमेघाचा मात्र त्या रेषेतला जवळजवळ सगळा.

गेल्या डिसेंबरात मी रोझेट तेजोमेघ धरला होता. मृगातला तांबडा काक्षी आणि प्रश्वा यांच्या मधल्या भागात, शृंगाश्व नावाच्या फिकट तारकासमूहात तो आहे. अंतर सुमारे ५,००० प्रकाशवर्षं. आकाशात पूर्ण चंद्राच्या दुपटीहून रुंद, पण नुसत्या डोळ्यांना काहीही दिसत नाही. वर्षाच्या शेवटी तो मध्यरात्रीच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येतो. पाच रात्री, पाच-पाच मिनिटांची एक्स्पोजर्स. हायड्रोजनला चार तास, ऑक्सिजनला सहा, गंधकाला सहा. एकूण सोळा तास, तीन स्वेटर आणि आईचे अगणित "आता ये खाली" एवढ्या भांडवलावर हातात काय आलं? तीन करडे फोटो. रंग शून्य.

आता या तीन करड्या फोटोंचा एक रंगीत फोटो करायचा. संगणकाच्या पडद्याला तीनच नळ माहीत: लाल, हिरवा, निळा. कुठला फोटो कुठल्या नळाला जोडायचा, हे मी ठरवणार. म्हणजे रंग मी "निवडते". हे ऐकलं की लोकांचे चेहरे पडतात.

मग सरळ निसर्गाचेच रंग का देऊ नयेत? देऊन बघू. हायड्रोजन ६५६, म्हणजे लाल. ऑक्सिजन ५००, म्हणजे मोरपंखी. गंधक ६७२, म्हणजे... पुन्हा लाल. हायड्रोजन आणि गंधक यांच्यात फरक फक्त सोळा नॅनोमीटरचा. इतक्या टोकाच्या लालमध्ये आपल्या डोळ्यातल्या तीन प्रकारच्या शंकूपेशींपैकी निळ्याची पेशी काहीच बोलत नाही आणि उरलेल्या दोघींच्या बोलण्याचं गुणोत्तर जवळजवळ तेच राहतं. त्यामुळे मेंदूला दोन्ही रंग एकच वाटतात. दोन वेगळी मूलद्रव्यं, दोन वेगळ्या गोष्टी सांगणारी, आणि निसर्गाच्या रंगात दोघी एकमेकींत विरघळून जातात. थोडक्यात, ६५६ आणि ६७२ च्या मध्ये तुम्ही, मी, आपण सगळेच रंगांधळे आहोत. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

"मग दुर्बिणीला डोळा लावून जे दिसतं ते खरं," असं म्हणणारेही भेटतात. मोठ्या दुर्बिणीला डोळा लावला तरी बहुतेक तेजोमेघ दिसतात राखाडी, फार तर हिरवट झाक असलेले. अंधारात आपण दंडपेशींनी बघतो आणि त्यांना रंग कळत नाही. त्यांची सगळ्यात जास्त संवेदनशीलता ५०७ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे ऑक्सिजनच्या रेषेच्या अगदी शेजारी. हायड्रोजनचा लाल त्यांना जवळपास दिसतच नाही. म्हणजे डोळा जे दाखवतो तोही एक फिल्टरच, फक्त आपण तो विकत घेतलेला नाही.

ऑक्सिजनच्या या रेषेचा एक पुणेरी किस्सा आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८६४ मध्ये विल्यम हगिन्सने एका तेजोमेघाचा वर्णपट पहिल्यांदा पाहिला, तेव्हा त्याला ही ठळक हिरवट रेषा दिसली. कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याशी ती जुळेना. पुढे लोकांनी "नेब्युलियम" नावाचं एक मूलद्रव्यच कल्पून टाकलं. नॉर्मन लॉकियरचं म्हणणं वेगळं होतं: ही मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड आहे. तसं असेल तर रेषा एका बाजूला पुसट होत जायला हवी. तेव्हा पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये (म्हणजे आजचं सीओईपी) कावसजी दादाभाई नायगमवाला शिकवत होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून तिथे महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली होती, वीस इंची दुर्बिणीची. नायगमवालांनी मृगातल्या तेजोमेघाची ती रेषा तपासली आणि १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं की रेषा धारदार आहे, कड वगैरे काही नाही. रेषा ऑक्सिजनची आहे हे आयरा बोवेनने १९२७ मध्ये दाखवलं. पृथ्वीवरच्या दाट हवेत ती दिसत नाही, कारण अणू एकमेकांवर आपटून ती ऊर्जा आधीच देऊन टाकतात. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि सामान कोडाईकनालला गेलं.

मला यातली आवडणारी गोष्ट ही, की नायगमवालांनी "हा हिरवा किती सुंदर" असं काही लिहिलं नाही. रेषेची कड कशी आहे, एवढंच पाहिलं. रंगापेक्षा कड.

आता येऊ प्रसिद्ध रंगांकडे. १ एप्रिल १९९५ ला हबल दुर्बिणीने गरुड तेजोमेघातल्या वायूच्या खांबांचे फोटो घेतले. जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांनी त्यात गंधक लाल नळाला, हायड्रोजन हिरव्याला आणि ऑक्सिजन निळ्याला जोडला. तर्क साधा: सगळ्यात लांब तरंगलांबी लाल, मधली हिरवी, आखूड निळी. क्रम निसर्गाचा, फक्त रंगांमधलं अंतर ताणलेलं. "हबल पॅलेट" म्हणतात ती हीच, आणि त्या एका फोटोनंतर आख्ख्या जगाच्या डोक्यात तेजोमेघ तसेच दिसतात हे पक्कं बसलं.

ही पॅलेट घरी केली की पहिला निकाल येतो तो मात्र पालकाच्या भाजीसारखा. हायड्रोजन सगळ्यात जोरदार, आणि तो हिरव्याला जोडलेला. मग प्रत्येक फोटो वेगवेगळा ताणून तिघांना एका पातळीवर आणायचं. तरी हिरवा उरतो. त्याला आवर घालायची एक नेहमीची युक्ती आहे: प्रत्येक पिक्सेलमध्ये हिरवा हा लाल आणि निळ्याच्या सरासरीपेक्षा जास्त होऊ द्यायचा नाही. एका ओळीचा कोड. पिक्सइनसाइटमध्येही आहे आणि फुकटच्या सिरिलमध्येही. मग रंगछटा थोडी सरकवली की हिरव्याचं सोनं होतं, ऑक्सिजन निळा राहतो आणि लोक "वॉव" म्हणतात.

माझ्या रोझेटला सगळ्यांनी "वॉव" म्हटलं. बाबा सोडून.

बाबांचं पुलगावात कापडाचं दुकान आहे आणि बाबांना लाल-हिरवा ओळखू येत नाही. दोन्ही वाक्यं एकत्र वाचून हसायचं असेल तर हसून घ्या, आमच्या घरात सगळे हसतात, बाबा सगळ्यात आधी. मिरचीच्या झाडावरची पिकलेली मिरची त्यांना हाताला लागल्याशिवाय सापडत नाही. दुकानातल्या थप्प्या त्यांनी रंगाने नाही, जागेने पाठ केल्यात. डाळिंबी डावीकडे तिसरी, रामा हिरवा त्याच्या खाली. नवा माल आला की आई एकदा जाऊन चिठ्ठ्या लावून येते. आणि तरीही पंचक्रोशीतल्या बायका साडी घेताना त्यांनाच विचारतात, कारण त्यांना एक गोष्ट इतरांपेक्षा चांगली दिसते: काठ आणि अंग यांचा उजेड. आपण रंगाने भुलतो. त्यांना भुलायची सोयच नाही. घडी उलगडून लांब धरतात, डोळे बारीक करतात आणि म्हणतात, "काठ उठून दिसला पाहिजे." नाही दिसला तर साडी कितीही महाग असो, गिऱ्हाइकाला सरळ सांगतात.

माझ्या फोटोंनाही त्यांचा हाच नियम. साध्या लाल-मोरपंखी रोझेटवर त्यांचा अभिप्राय, "धूर दिसून राहिला." हबल पॅलेटवर, "धूर आहे, थोडा भगभगीत."

इथे थोडं डोकं चालवू. हबल पॅलेटच्या मूळ रूपात फक्त हायड्रोजन असेल तिथे हिरवं, फक्त गंधक असेल तिथे लाल, दोन्ही असतील तिथे पिवळं. म्हणजे हायड्रोजन आणि गंधक यांच्यातला फरक आपण नेमका हिरवा-लाल या पट्टीवर नेऊन ठेवतो. सोळा नॅनोमीटरच्या ज्या फरकासाठी एवढा खटाटोप केला, तो आपल्याला दिसायला लागतो, आणि बाबांसाठी पुन्हा नाहीसा होतो. आपली अडचण ६५६ ते ६७२ ची, त्यांची त्याहून रुंद पट्ट्याची. जात एकच.

ही जात घरातच आहे, हेही सांगून टाकते. लाल-हिरव्याचा हा प्रकार एक्स गुणसूत्रावरून येतो. बाबांकडे एकच एक्स, आणि मुलगी म्हणून तेच मला आलंय. आईकडून आलेलं दुसरं एक्स चालू आहे म्हणून मला रंग दिसतात (बॅकअपचं महत्त्व!). उद्या मला मुलगा झाला तर त्याच्याकडे कुठलं जाईल, ही नाणेफेक. त्यामुळे "बाबांना दिसेल असा फोटो" हा माझ्यासाठी नुसता लाडाचा विषय नाही. तो गच्चीवर पुढे कोण कोण उभं राहणार, याचाही आहे.

लाल-हिरवं गेलं तरी माणसाकडे दोन गोष्टी शिल्लक असतात: निळं-पिवळं आणि उजेड-अंधार. माझ्याकडे वायू तीन. मग वाटणी अशी केली. हायड्रोजन सगळ्यात जोरदार आणि सगळ्यात स्वच्छ, त्याला रंगच द्यायचा नाही. त्याने फक्त उजेड ठरवायचा. गंधक लाल नळाला, ऑक्सिजन निळ्याला, आणि हिरव्याला दोघांची अर्धी-अर्धी बेरीज. यातून काय होतं? नुसतं गंधक असेल तिथे नारिंगी-सोनेरी. नुसता ऑक्सिजन तिथे आकाशी. दोन्ही सारखे तिथे पांढुरका करडा. सोनेरी विरुद्ध आकाशी ही जोडी बाबांनाही दिसते आणि आपल्यालाही. तारे मात्र वेगळे, साध्या रंगीत फिल्टरने थोडा वेळ टिपून वरून बसवले.

पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. बाबा नेहमीसारखे लांब जाऊन उभे राहिले. डोळे बारीक केले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे मधात निळं हाय, अन् बाहेरून पिवळा काठ. आतून जोर लागून राहिला का याला? बाहेर जाता जाता संपून राहिल्यासारखा वाटते."

मी गप्पच झाले. कारण रोझेटचं भौतिकशास्त्र नेमकं तेच आहे, आणि ते मी त्यांना कधी सांगितलेलं नव्हतं. मधोमध एनजीसी २२४४ हा तरुण, तापलेल्या ताऱ्यांचा गुच्छ आहे. त्यांच्या वाऱ्याने मधला भाग पोकळ केलाय. ऑक्सिजनचा दुसरा इलेक्ट्रॉन काढायला ३५ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, म्हणून तो ताऱ्यांच्या जवळच चमकतो. हायड्रोजनला १३.६ पुरतात, तो सगळीकडे. गंधकाचा पहिला इलेक्ट्रॉन १०.४ मध्येच सुटतो, त्यामुळे जोर ओसरलेल्या कडेला तो ठळक दिसतो. आत निळं, कडेला सोनेरी: ही सजावट नाही, ताऱ्यांची ऊर्जा कुठपर्यंत पोचते त्याचा नकाशा आहे. तो बाबांनी कापड बघावं तसा वाचला.

लगेच पुढे, "पण मधला निळा जास्त झाला. थोडा उतरव." उतरवला. बरोबर होतं त्यांचं.

तर "रंग खरे आहेत का" याचं माझं उत्तर. रंग निवडलेले आहेत, रचना नाही. कुठल्या वायूला कुठला रंग हे मी ठरवते, पण एकदा ठरवलं की तो नियम प्रत्येक पिक्सेलला सारखा लागू. इथे थोडा निळा ब्रश मारू, तिथे एक खांब जास्त उठावदार करू, असं केलं की मग ते खोटं. नकाशात समुद्रसपाटी हिरवी आणि डोंगर तपकिरी दाखवतात, म्हणून कुणी सह्याद्री खोटा आहे असं म्हणत नाही. फक्त कोपऱ्यात सूची हवी. माझ्या मते न लिहिलेली सूची हीच या छंदातली खरी फसवणूक.

दुसरा भाग, जो मला बाबांमुळे कळला: "कुठले रंग" याच्याइतकाच "कुणाच्या डोळ्यांसाठी" हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आपल्या धंद्यात तर रोजच. सर्व्हर चालू तर हिरवा गोळा, बंद तर लाल, प्रोजेक्टचं स्टेटसही त्याच दोन रंगांत, आणि टीममधला एखादा गप्प बसून गोळ्याच्या जागेवरून अंदाज लावत असतो. आलेख काढायच्या मॅटप्लॉटलिबने २०१७ च्या दुसऱ्या आवृत्तीत आपली जुनी इंद्रधनुषी रंगपट्टी बदलून विरिडिस आणली, त्यामागे हाही विचार होता. गोळ्याऐवजी एक टिक आणि एक फुली द्यायला किती वेळ लागतो? सोमवारी करून बघा.

हबलची पॅलेट मी सोडलेली नाही. ती सुंदर आहे आणि डिटेल्सही भरपूर दाखवते. पण आता प्रत्येक फोटोच्या दोन आवृत्त्या करते आणि दोन्हींखाली सूची लिहिते: गंधक कुठे, हायड्रोजन कुठे, ऑक्सिजन कुठे, किती तास. फॅमिली ग्रुपवर त्या ओळी कुणी वाचत नाही, तरी लिहिते.

मे महिन्यात गरुड तेजोमेघ मध्यरात्रीनंतर वर येईल. पुलगावच्या उन्हाळ्यात कॅमेऱ्याला शून्याखाली न्यायचं म्हणजे त्याचा कूलर कुरकुरणार, गच्चीचा स्लॅब पहाटेपर्यंत तापलेला असणार, पण पावसाळ्याआधी दुसरी संधी नाही. रजा टाकून ठेवली आहे. बाबांनी आत्ताच सांगून ठेवलंय, खांब असतील तर कडा सांभाळ, रंगाचं नंतर बघू.